निरोगी भावंड

नाशिक,
२३ जून २०२४

प्रिय तेजू,

दिशाचं पोस्टकार्ड मिळालं. शाळेत पत्रलेखन शिकवलं आणि पहिलं पत्र आत्याला, म्हणजे माझा भाव केवढा वधारला बघ! पत्ता एवढा मोठा काढलाय की मजकुराला जागाच उरली नाही. ‘आत्या तू कशी आहेस मी बरी आहे’, संपलं पत्र. आता तिला उत्तर हवं म्हणून मीही पत्रच लिहिते आहे आणि तूही पत्रानेच कळव. तसंही फोनवर आपलं धड बोलणं होत नाही. आई शेजारी बसून मध्ये मध्ये सूचना करते आणि वाल्मीक ‘स्पीकर लाव’ म्हणतो. नणंद-भावजयीने चार शब्द बोलायचे तरी कधी?

आता कामाचं. आमच्या संस्थेने लहान मुलांच्या दम्याचा अभ्यास हाती घेतलाय. अंबडच्या कारखान्यांजवळची मुलं, इगतपुरीच्या पावसातली मुलं आणि आपल्याकडची, कांद्याच्या धुळीत वाढणारी. प्रत्येक घरातून दोन भावंडं घ्यायची, एक दमा असलेलं आणि एक निरोगी. घर तेच, हवा तीच, ताटातलं जेवणही तेच, मग त्रास एकालाच का, हे शोधायचं. रुद्रला गेल्या वर्षी इथेच दाखवलं, त्याचा पंप चालू आहे, म्हणजे तो आमचा पेशंट झाला. दिशा त्याचं निरोगी भावंड. रुद्रचे पंप आणि गोळ्या आता संस्थाच देईल.

विचारावं लागतं म्हणून विचारते. दिशाला दम लागणं, रात्रीचा खोकला, छातीत घरघर असलं काही नाही ना? खरं ते लिही. वशिला चालणार नाही!

तुझी,
योगिनी


लासलगाव,
४ जुलै २०२४

ती. योगिनीताईंना तेजस्विनीचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा दिशाने ते आधी शेजारच्या कुसाबाईंना दाखवून आणलं, मग मला दिलं. चाळीत साठवलेला कांदा बाहेर काढलाय, त्यामुळे आपल्या खळ्यावर दिवसभर निवडायचं काम चालू आहे. साली उडत थेट चुलीपर्यंत येतात. केर काढावा तर मागे वळेपर्यंत पुन्हा तेवढाच.

तुमचा प्रश्न आईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “लिही तिला, पोरगी टणटणीत हाय. पोराचं काय ते बघा म्हणावं.” तेव्हा तसंच लिहिते, दिशाला काही नाही. तुमची माणसं कधी येणार ते आधी कळवा, म्हणजे मुलं घरी ठेवते.

खाली दिशाला दोन ओळी हव्या आहेत.

तुमची,
तेजस्विनी

आत्या, आमच्या गल्लीत मुली दोरीवरच्या उड्या खेळतात. मी दोरी फिरवते. मी सगळ्यात छान फिरवते म्हणून सगळ्या मलाच देतात. — दिशा


नाशिक,
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय तेजू,

तुझ्या लेकीने श्वास मोजायची नळी काय फुंकली म्हणे! आमच्या संस्थेची अंजली येऊन गेली ना तुमच्याकडे, ती सांगत होती की काटा असा सरसर वर गेला आणि आजी दारातूनच म्हणाल्या, “बघा, म्हटलं नव्हतं?” माझी मान इथे बसल्या जागी ताठ झाली. रुद्रचा आकडा कमी आला, पण तो अपेक्षितच होता. घाबरू नकोस, औषधं नियमित दे.

तुला एक गंमत सांगते. घरामागून घरं बघतोय आणि तेच दिसतंय. मुलगा पेशंट, बहीण निरोगी. लहान वयात मुलग्यांना दमा थोडा जास्त असतो हे आम्हाला माहीत आहे, पण एवढा फरक पुस्तकात कुठे नाही. खेड्याकडे जावं तसा तो आणखी वाढतो. आमचे सर खूश आहेत. ते म्हणतात, आपल्याकडच्या मुलींच्या अंगातच काहीतरी राखण असावी, ती सापडली तर मोठं काम होईल. मी रात्रंदिवस त्याच विचारात आहे.

दिशाला सांग, दुसऱ्यांना उड्या मारू देऊन स्वतः दोरी फिरवणारी मुलगी फार मोठ्या मनाची असते. ही आपल्या घराण्यात कुणावर गेली कोण जाणे, माझ्यावर नक्कीच नाही.

योगिनी


लासलगाव,
१५ सप्टेंबर २०२४

ती. ताईंना नमस्कार.

गणपतीची गडबड आहे, म्हणून उशीर झाला. रुद्र बरा आहे. पंपाने त्याला फार फरक पडला. धावत येतो, धावत जातो.

एक विचारायचं होतं. एका मुलाचा पंप दुसऱ्या मुलाला दिला तर चालतो का? कुसाबाईंच्या नातीला दम लागतो. दिशाच्याच वयाची आहे. तिला रुद्रच्या पंपाचे दोन दाब दिले तर मोकळं वाटतं. रोज दिलं तर काही अपाय होईल का? आणि नाही दिलं तर काय होईल? जमलं तर लवकर कळवा. घरी फोन करून बोलू नका, त्यांच्या घरचं आहे, आईंना आवडणार नाही.

तेजस्विनी

आत्या, मला आता बसून झोपता येतं. रुद्रला येत नाही. मी भिंतीला उशी लावते. रुद्रचा आणि माझा एक खेळ आहे पण तो सांगायचा नाही असं आईने सांगितलंय. तू आलीस की कानात सांगीन. — दिशा


नाशिक,
६ ऑक्टोबर २०२४

तेजू,

आज जरा रागावूनच लिहिते आहे. एकाचा पंप दुसऱ्याला द्यायचा नाही. त्या मुलीला डॉक्टरांकडे न्यायला सांग. इथे घेऊन या, मी स्वतः दाखवते, खर्चाचं बघू. लपूनछपून दोन दाब देऊन दमा बरा होत नसतो, तो आत वाढतच राहतो.

आता मला कळलं रुद्रचा पंप लवकर का संपतो ते. अंजलीने दोनदा सांगितलं तेव्हा आम्ही घाबरलो होतो की पोराचा दमा बळावतोय की काय. सरांनी त्याचं रोजचं औषध बदललंय. निळा पंप आता फक्त अडीनडीला. तुझं मन मऊ आहे, कुणी दारात आलं की तू नाही म्हणणार नाहीस, म्हणून मी काल आईला फोन केला. कुसाबाईंचं नाव घेतलं नाही. एवढंच सांगितलं की तो पंप कपाटात कुलूप लावून ठेव आणि किल्ली तुझ्याजवळ असू दे. रुद्रला लागला तरच काढायचा. रागावू नकोस. त्याच्या भल्यासाठीच आहे हे.

आणि बसून झोपणाऱ्या बाईसाहेबांना म्हणावं, एसटीत फार उपयोगी पडेल ही विद्या.

योगिनी


लासलगाव,
२७ ऑक्टोबर २०२४

ती. ताईंना नमस्कार.

किल्ली आता आईंच्या कमरेला असते. तुम्ही सांगितलं ते बरोबरच असेल.

कुसाबाईंची माणसं मुलीला डॉक्टरकडे नेणार नाहीत. मुलीची जात आहे. म्हणतात, पोराला पंप असला तर कुणी विचारत नाही, पंपावरची पोरगी कोण पदरात घेईल? एकदा औषधाच्या दुकानात दिसली की गावभर होतं. आणि पंप लागला की सुटत नाही म्हणतात. आईंचंही तेच मत आहे. त्या म्हणतात, वयात आली की आपोआप जाईल, आपल्याही घरात एकीचं असंच गेलं. कुणाचं ते सांगत नाहीत.

ताई, तुमच्या अभ्यासात मुलींना दमा कमी असतो असं आलंय ना? मी ते इथे सांगितलं. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, मग कदाचित हा दमा नसेल, धुळीचा खोकला असेल.

भाऊबीजेला या. नक्की या. मला तुमच्याशी बोलायचं आहे, पत्रात जमत नाही.

तेजस्विनी

आत्या ये. मी तुला ओवाळणार नाही कारण तू भाऊ नाहीस पण करंजी देईन. — दिशा


नाशिक,
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय तेजू,

भाऊबीज हुकली, वाल्मीकचा फुगलेला आवाज फोनवर ऐकला. दिल्लीला बोलावणं आलं होतं. मोठ्या मोठ्या लोकांसमोर आमच्या भावंडांच्या जोड्या मांडल्या. मुलींचा तक्ता पडद्यावर आला तेव्हा सभागृहात कुजबुज झाली, नंतर किती जण भेटायला आले! मी तिथे उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आपलं खळं होतं, नळी फुंकणारी दिशा होती. तिचं नाव तिथे सांगायचं नसतं, पण मनात मी घेतलं.

तुला काय बोलायचंय? संक्रांतीला चार दिवस येते, मग मनसोक्त बोलू. कुसाबाईंच्या नातीचंही बघू.

दिशासाठी दिल्लीहून लाकडी मुठींची दोरी पाठवते आहे. तिला म्हणावं, दुसऱ्यांची दोरी खूप फिरवलीस. ही एकटीची आहे. आता उड्या मार.

योगिनी


लासलगाव,
१९ जानेवारी २०२५

ताई,

दिशाला जाऊन महिना झाला. तेराव्याला तुम्ही माझ्याजवळ बसला होतात, माझा हात धरून म्हणालात, “एवढासा शेंगदाणा, आणि त्याने पोर नेली.” सगळ्यांना तेच सांगितलंय. वाल्मीकनाही तेच माहीत आहे. मी आज खरं लिहिते आहे.

शेंगदाणा नव्हता. दिशाला दमा होता. रुद्रच्याही आधीपासून होता. कुसाबाईंना नातच नाही, ताई. त्यांचा मुलगा रंगनाथ अजून बिनलग्नाचा आहे. तुमच्या ते लक्षात येईल असं मला वाटलं होतं, खरं म्हणजे यावं असंच वाटत होतं.

तुमची माणसं येणार त्या सकाळी आई म्हणाल्या, “तिला बी दे दोन दाब. नीट फुंकू दे, नायतर कागदावर चढंल.” मी दिले. काटा वर गेला तो त्याने गेला. त्या संध्याकाळी दिशा गल्लीत उड्या मारून आली. घाम आलेला, केस मोकळे. म्हणाली, “आई, मला जमतं गं!” तिला दोरी फिरवायची हौस नव्हती. उडी मारली की श्वास जायचा म्हणून ती फिरवायची. ते बघितल्यावर माझ्याच्याने राहवेना. मग रोज चोरून सुरू केलं. एक दाब रुद्रला, एक तिला. दोघांनी त्याचा खेळ केला होता. आईंना ठाऊक नव्हतं. पंप लवकर संपायला लागला, तुमचं पत्र आलं आणि कुलूप लागलं. मग थंडीबरोबर लाल कांदा आला, खळ्यावर नुसता धुरळा.

त्या दिवशी आई विंचूरला लग्नाला गेल्या होत्या. किल्ली कमरेला. हे कांद्याच्या लिलावात. खळ्यात ट्रक भरत होता. दिशा शाळेतून आली ती खांदे वर करून. पाठीवरचं दप्तरसुद्धा काढता येईना. मी वाफ दिली. गरम पाणी पाजलं. ओवा शेकून छातीवर ठेवला. मग खळ्यावरचं लोखंडी वजन उचलून कपाटापाशी गेले आणि उभी राहिले. कुलूप तोडलं तर आईंना काय सांगू, हे मनात आलं. ताई, माझी पोर मागे श्वासासाठी तडफडत होती आणि मी हे मनात आणत उभी होते. किती वेळ, ते मला आठवत नाही. आठवू नये असं वाटतं.

मग तोडलं. पंप तिच्या तोंडाला लावला, पण तिला आत ओढताच येईना. खळ्यावरच्या पिकअपमध्ये घातलं. बाजार समितीच्या रस्त्याला ट्रॅक्टरची रांग लागलेली. लोकांनी वाट दिली, सगळ्यांनी दिली, तरी वेळ गेलाच. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधीपासून दमा आहे का? हे अजून पोचले नव्हते. मी हो म्हणाले. पहिल्यांदाच कुणापाशी हो म्हणाले. ते म्हणाले, मग औषध कुठलं चालू होतं?

आई लग्नातून तशाच आल्या. दारातच रडत सगळ्यांना सांगायला लागल्या, शेंगदाणा अडकला, शेंगदाणा अडकला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या खोटं सांगत होत्या की त्यांना तेच खरं हवं होतं, मला कळलं नाही.

तुमची दोरी तिने खुंटीला लावून ठेवली होती. आत्या आली की मारून दाखवते म्हणायची. अजून तिथेच आहे.

तेजस्विनी


नाशिक,
९ फेब्रुवारी २०२५

तेजू,

कितीदा लिहायला बसले आणि कागद फाडले. तुझं पत्र माझ्या पर्समध्येच असतं. बाहेर काढवत नाही.

तिने मला सगळं लिहिलं होतं. दोरी फिरवते म्हणून लिहिलं, बसून झोपते म्हणून लिहिलं. दम लागलेलं मूल आडवं झोपू शकत नाही हे मी आया जमवून शिकवते गं. माझ्याच भाचीने आपल्या हाताने ते लिहिलं आणि मी एसटीचा विनोद केला. कुलूपही मीच लावायला सांगितलं. तू मला एक शब्दानेही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

आईशी बोलले. वाल्मीक बाहेर गेल्याचं बघून फोन केला. मी ओरडले, तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुला बी व्हतं. तुला मांडीवर बसवून रात्री काढल्यात मी. तुझ्या लग्नाच्या टायमाला कुणाला कळू दिलं का? वयात आली आन् गेलं तुझं. मला वाटलं हिचं बी जाईल.” आणि तिला रडू आवरेना. मला लहानपणी सारखी सर्दी व्हायची, एवढंच माझ्या आठवणीत होतं. आईचा पदर, ओव्याची पुरचुंडी, ती मांडी. मला वाटायचं लाड आहेत. तिने लपवलं आणि माझं निभावलं, म्हणून तिला ती रीत खरी वाटली. तिच्यावर मला भयंकर राग आहे आणि तिच्याजवळ जाऊन बसावंसंही वाटतं. हे कुणाला सांगू?

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, जोडी मोडली आहे, ही दोन मुलं अभ्यासातून वगळू या. नियमाने तसंच करावं लागतं. मी मान हलवून आले. घरी आल्यावर सुचेना की मी कशाला मान हलवली. वगळू का तेजू? तुम्हाला आणखी त्रास नको असेल तर तिचं नाव कुठेच राहणार नाही, असं करता येईल.

योगिनी


लासलगाव,
२ मार्च २०२५

ताई,

वगळू नका.

ती निरोगी म्हणून तुमच्याकडे आली. मीच तसं लिहून दिलं. जिवंतपणी तिला कधी आजारी होता आलं नाही. ताप आला तरी ‘आली असेल उन्हातून’ असंच म्हणत होतो आम्ही. आता तरी तिला आजारी लिहा. वय नऊ, मुलगी, लासलगाव, दमा होता, औषध मिळालं नाही, असं लिहा. शेंगदाण्याचं कुठे येऊ देऊ नका.

आणि त्या बाकीच्या जोड्यांकडे पुन्हा जा. सगळ्या घरांत जा. ज्यांच्या घरी मुलगा आजारी आणि बहीण धडधाकट आहे, तिथे आधी. आजीसमोर विचारू नका, वडिलांसमोरही नको. आईला एकटीला विहिरीकडे, शेताकडे न्या आणि विचारा. एकदा विचारून सोडू नका. मला तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं. तुम्हाला दोष देत नाही. खरंच वाटतं ते लिहिते. लागलं तर माझं नाव सांगा, मला त्यांच्याकडे घेऊन चला. मी येईन. वाल्मीकना मी परवा सगळं सांगितलं. ते आईंशी बोलत नाहीत, माझ्याशीही फार नाही, पण जा म्हणाले.

आईंनी किल्ली माझ्या हातात आणून दिली. तोडलेल्या कुलपाची किल्ली ती, तिचं मी काय करू? तशीच फडताळात ठेवली आहे. पंप आता खिडकीत असतो, सगळ्यांना दिसेल असा.

रुद्र बरा आहे. पंप लागतो तेव्हा खिडकीपाशी जाऊन आपल्या हाताने घेतो. एक दाब घेतला की पंप बाजूला धरतो, दिशा उभी राहायची त्या बाजूला. थोडा वेळ तसाच हात धरून थांबतो. मग परत खिडकीत ठेवतो आणि खेळायला जातो.

तेजस्विनी